जुनी ड्रेडनॉट घ्यायची आहे: महोगनी की रोझवुड?

ब्लूग्रास, म्हणजे बँजो, मँडोलिन, व्हायोलिनच्या साथीचं अमेरिकन लोकसंगीत, वाजवणारा गिटारवाला एकदा जुन्या वाद्यांच्या नादी लागला की आज ना उद्या एका प्रश्नापाशी येऊन थांबतो: अठरा की अठ्ठावीस? म्हणजे मार्टिन या अमेरिकन कंपनीची डी-१८ घ्यावी की डी-२८? दोन्ही ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या, रुंद अंगाच्या गिटारी. आकार तोच, तारांची लांबी तीच, समोरची स्प्रूसची पाटीही तीच. फरक मुख्यतः पाठीचा आणि बाजूंचा. अठराला महोगनी, अठ्ठावीसला रोझवुड. ज्यांनी पैसे बाजूला काढून ठेवलेत, दोन-चार दुकानं पालथी घातलीत आणि तरी पाऊल पुढे पडत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मी दोन्ही लाकडांच्या जुन्या गिटारी बाळगल्या आहेत. दोन्ही जॅममध्ये, म्हणजे मंडळी जमून एकत्र वाजवतात त्या बैठकीत, नेल्या; दोन्हींवर गाण्यांना साथ केली. आज घरात त्यातली एकच उरली आहे. मोजमापाची यंत्रं माझ्याकडे नाहीत. जे सांगतो ते कानाचं आणि हाताचं आहे. तुमचा कान वेगळा कौल देऊ शकतो, हे धरूनच पुढचं वाचा.

लाकडाच्या आधी सालाकडे बघा. या दोन मॉडेलांत जेवढा फरक आहे, त्याहून मोठा फरक कधीकधी एकाच मॉडेलच्या दोन सालांत सापडतो. मार्टिनने ड्रेडनॉट स्वतःच्या नावाने बनवायला १९३१ मध्ये सुरुवात केली. त्याआधी, १९१६ पासून, हा आकार ऑलिव्हर डिट्सन कंपनीसाठी बनत होता. आपण आज जिला ब्लूग्रासची गिटार म्हणतो, ती चौदा पडदे अंगाबाहेर असलेली, १९३४ पासूनची. पाटीच्या आतल्या आधारपट्ट्या तेव्हा कोरून हलक्या केलेल्या असत. १९४४ च्या अखेरीस ते कोरणं बंद झालं, कारण लोक जाड तारा चढवू लागले होते आणि पाटी तो ताण सोसेना. १९४६ च्या सुमारास पाटीचं ॲडिरोंडॅक स्प्रूस संपून सिटका जातीचं स्प्रूस आलं. अठ्ठावीसच्या कडेची ती प्रसिद्ध हेरिंगबोन नक्षी १९४७ च्या सुरुवातीला गेली. १९६७ ला नेकमध्ये, म्हणजे गिटारच्या मानेत, लोखंडाची चौकोनी नळी आली, १९६८ ला ब्रिजखालची (तारा जिथे पाटीला अडकवतात त्याखालची) मेपलची छोटी पट्टी जाऊन रोझवुडची मोठी आली आणि १९६९ च्या शेवटी ब्राझिलियन रोझवुडच्या जागी भारतीय रोझवुड आलं.

एवढी सनावळी सांगण्याचं कारण आहे. १९४३ ची अठरा आणि १९५८ ची अठ्ठावीस शेजारी ठेवून कोणी तुम्हाला ‘बघा, महोगनी किती मोकळी बोलते’ म्हणालं, तर ते महोगनीचं बोलणं नव्हे. ते कोरलेल्या पट्ट्यांचं आणि ॲडिरोंडॅकचं बोलणं आहे. लाकडाची तुलना करायची तर दोन्ही गिटारी एकाच काळातल्या हव्यात. माझ्या दोन्ही पन्नाशीच्या दशकातल्या होत्या: सरळ पट्ट्या, सिटकाची पाटी. ज्यांना दुसऱ्या महायुद्धापूर्वीची वाद्यं परवडतात, त्यांना हा आढावा कितपत लागू पडेल हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. बाकी बहुतेकांची धाव पन्नास-साठच्या दशकांपर्यंतच असते.

थोरांची नावं घेऊन ठरवायला जाल तर अठ्ठावीसचं पारडं पहिल्यांदा जड वाटेल. ब्लूग्रासच्या पहिल्या पिढीतला गायक-गिटारवादक लेस्टर फ्लॅट, त्याच्या हातात डी-२८. गायक जिमी मार्टिनच्या (कंपनीशी त्याचा संबंध नाही) हातातही तीच. गिटारवादक टोनी राइसने १९७५ मध्ये विकत घेतलेली, आधी क्लॅरेन्स व्हाइट या गिटारवादकाकडे असलेली १९३५ सालची डी-२८ ही तर या संगीतातली सर्वांत प्रसिद्ध गिटार. ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मन्रोच्या १९२३ च्या एफ-५ मँडोलिनला जे स्थान, तेच गिटारींत तिला. त्यामुळे नव्याने या गोतात आलेला माणूस अठ्ठावीस म्हणजे खरी आणि अठरा म्हणजे परवडेल ती, असा हिशोब मनात बांधून येतो.

पण दुसऱ्या पारड्यात डॉक वॉटसन आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या डीप गॅपचा हा दृष्टिहीन वादक साठच्या दशकाच्या सुरुवातीला डी-१८ घेऊन मंचावर आला. पुढे १९६८ मध्ये त्याने टेनेसीच्या वॉर्ट्रेस गावातल्या गॅलाघरची गिटार हातात घेतली, तीही महोगनीचीच. फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, धुना पिकने (तारा छेडायच्या छोट्या पट्टीने) एकेका सुरासह लखलखीत वाजवता येतात, हे त्याने एका पिढीला दाखवलं आणि ते महोगनीवर दाखवलं. क्लॅरेन्स व्हाइटकडेही अठ्ठावीसच्या जोडीला एक अठरा होतीच. तेव्हा नावांवरून निकाल लागत नाही, हे बरंच आहे.

आता आवाज. रोझवुडची गिटार मांडीवर घेऊन मोकळा जी (मोकळ्या तारांसह वाजणारा जी मेजरचा कॉर्ड) छेडला की आवाज वाजवणाऱ्याला कवेत घेतो. खर्ज खोल जातो, वरच्या तारांना चकाकी असते आणि दोन्हींच्या मध्ये उपस्वरांचा एक थर तरंगत राहतो. आस, म्हणजे सुराचं रेंगाळणं, लांब. दुकानात, एकट्याने, बंद खोलीत वाजवून बघितलं तर दहापैकी आठ जण तिच्याकडेच झुकतील असा माझा अंदाज आहे, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. महोगनी त्या मानाने कमी बोलते. सूर निघतो, स्वच्छ ऐकू येतो आणि बाजूला होतो. मधल्या तारा, म्हणजे तिसरी आणि चौथी, तिथे तिचं खरं बळ आहे. पहिल्या भेटीत ती कोरडी वाटते. माझंही पहिलं मत तेच होतं आणि म्हणूनच मी आधी रोझवुड घेतली.

ती माझ्याकडे बरीच वर्षं होती. तिच्यात बिघाड कसलाही नव्हता. नेक नीट, तारांची उंची नीट, पाटी सपाट. जे खटकत गेलं तो तिचा दोष नव्हता, स्वभाव होता. तरीही निर्णय शेवटी त्याच एका गोष्टीवर झाला, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

ब्लूग्रासमध्ये गिटारचं मुख्य काम साथीचं. चार मात्रांतल्या एक आणि तीनवर खर्जाचा सूर, दोन आणि चारवर तारांवरून झटका. त्याच एक-तीनवर उभा बास वाजतो आणि त्याच दोन-चारवर मँडोलिनचा चॉप पडतो. तो चॉप कोरडा असावा लागतो; सूर उमटता उमटता डाव्या हाताची पकड सैल करून तो मारलेला असतो. या संगीतात ढोल-तबला काही नाही. मँडोलिनचा चॉप हाच ताल आणि सगळी मंडळी त्याच्यावर टेकून असतात. म्हणजे गिटारवाल्याने एकवर जो खर्ज वाजवला तो दोनच्या आत आवरला गेला पाहिजे, नाहीतर चॉपच्या खालची जमीन चिखल होते.

रोझवुडचा खर्ज आवरत नाही. विशेषतः जीमध्ये. त्याचं एक साधं कारण आहे. गिटारच्या पोटातल्या हवेचा स्वतःचा एक स्वर असतो आणि ड्रेडनॉटच्या बाबतीत तो साधारण १०० हर्ट्झच्या आसपास येतो. सहाव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी ९८ हर्ट्झचा. तो सूर वाजला की पोट आपण होऊन त्याच्यात सूर मिसळतं आणि घुमारा उठतो. हे दोन्ही लाकडांत होतं. पण महोगनी तो घुमारा लवकर गिळते, रोझवुड तो जपून ठेवतं. आणि ब्लूग्रासमध्ये जीच्या आकारापासून सुटका नाही. गायकाला ए पट्टी हवी तर दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून जी, बी हवा तर चौथ्यावर कॅपो लावून जी. कॅपो चढत जातो तसा घुमारा कमी होतो हे खरं. पण मोकळ्या जीत असलेली गाणी काही थोडी नाहीत.

मग मी तो हाताने दाबायला लागलो. तबलजी डग्ग्याचा घुमारा मनगटाच्या टाचेने जसा आवरतो, तसा उजव्या तळव्याची कड ब्रिजजवळ टेकवून खर्ज दाबायचा आणि लगेच उचलून झटका मारायचा. मध्यम लयीत हे जमतं, शोभूनही दिसतं. पण जॅममध्ये लय मध्यम राहते कुठे? बँजोवाल्याने एखादी वेगवान धून उचलली की तळवा टेकवायला सवड उरत नाही. मग दोन पर्याय उरतात. एक तर खर्ज हळू वाजवायचा, म्हणजे ज्या खर्जासाठी जास्त पैसे मोजले तोच चोरून वाजवायचा. नाहीतर घुमारा होऊ द्यायचा आणि समोरचा बासवाला भुवया उंचावून बघतो ते सोसायचं. रात्र संपता संपता मनगट दुखत असे. दुखण्यापेक्षा जास्त खटके ते हे, की गाण्याऐवजी माझं अर्धं लक्ष गिटार शांत करण्यात जात होतं.

तारा बदलून पाहिल्या. पिक बदलून पाहिलं. जाड, गोल कडेचं, कासवाच्या पाठीसारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकचं. ब्रिजच्या जवळ सरकून वाजवलं. प्रत्येक उपायाने थोडा फरक पडला, पण मोकळ्या जीचा तो सूर शेवटपर्यंत तसाच फुगत राहिला.

अठरा घेतली ती याच सुमारास, खरं तर प्रवासाला दुसरी गिटार असावी म्हणून. पहिल्याच जॅममध्ये कळलं की तळवा टेकवायची गरजच पडत नाही. खर्ज येतो, ठोस येतो आणि झटक्याच्या आत मागे सरतो. मँडोलिनचा चॉप मला स्वच्छ ऐकू येऊ लागला, आणि चॉप ऐकू आला की हात आपोआप लयीत बसतो. गाणाऱ्याच्या आवाजाखालीही फरक पडला. ब्लूग्रासचं गाणं उंच पट्टीतलं, घशाला ताण देणारं. त्याच्या आजूबाजूला जागा मोकळी लागते. रोझवुडचे उपस्वर त्या जागेत शिरतात, महोगनी तिथे फिरकत नाही. मुख्य गायकाच्या वर टेनरचा, म्हणजे वरच्या पट्टीतल्या साथीदाराचा, आवाज लागतो तेव्हा हे जास्तच जाणवतं.

इथे एक गोष्ट जरूर करून पाहा. गिटार दुसऱ्याच्या हातात द्या आणि वर्तुळाच्या पलीकडे जाऊन उभे राहा. वाजवणाऱ्याला जे ऐकू येतं आणि समोरच्याला जे ऐकू येतं त्यांत फार अंतर असतं. व्हर्जिनियातल्या गॅलॅक्सला १९३५ पासून फिडलवाल्यांचा मेळा भरत आला आहे. ऑगस्टमध्ये तिथल्या मैदानावर तंबू आणि गाड्यांच्या मधल्या जागेत रात्र रात्र जॅम चालतात. तिथे फिरताना मी एक खेळ खेळतो: लांबून नुसत्या कानाने ओळखायचं, वर्तुळात गिटार कुठल्या लाकडाची आहे, आणि मग जवळ जाऊन बघायचं. माझा अनुभव असा की पाच-सहा जण वाजवत असतील तर लांबून ज्या गिटारचा एकेक सूर कळतो ती बहुधा महोगनीची निघते. रोझवुडचा खर्ज पोचतो, पण सूर कुठला ते कळत नाही. दोनच जण वाजवत असतील तर मात्र उलट. तिथे रोझवुड सगळं मैदान भरून टाकतं. अपवाद भेटतात. चांगल्या हातात काहीही चांगलं वाजतं.

टोनी राइसच्या गिटारचा मुद्दा राहिला, कारण अठ्ठावीसच्या बाजूने तोच पहिल्यांदा मांडला जातो. त्याच्या साथीत कुठे चिखल होता? मुळीच नव्हता, त्याच्याइतकी स्वच्छ, चपळ साथ फार थोड्यांना साधली. पण त्या गिटारचं भोक बघा. नेहमीच्यापेक्षा ते मोठं आहे. टोनी राइसकडे येण्याच्या आधीच ते वाढवलं गेलं होतं. भोक मोठं केलं की पोटातल्या हवेचा स्वर वर सरकतो आणि खालच्या जीखालचा आधार निघून जातो. खर्ज कोरडा होतो, मधल्या सुरांना धार येते. म्हणजे ज्या अठ्ठावीसच्या आवाजाने आपण सगळे भारावलो, ती आवाजाने निम्मी अठराकडे झुकलेली होती, असं मला वाटतं. आणि वर त्याचा उजवा हात. दुकानातली नेहमीच्या भोकाची अठ्ठावीस घेऊन तो आवाज मिळेल अशी आशा धरू नये.

रोझवुडचं माप पदरात घालायलाच हवं अशा जागा आहेत, आणि त्या लहान नाहीत. तुम्ही एकटे गात असाल, किंवा बासशिवाय दोघे-तिघे बसत असाल, तर अठ्ठावीस खर्जाची जागा एकटी भरून काढते. संथ वॉल्ट्झ, भक्तिगीतं, कार्टर कुटुंब या जुन्या लोकगायक मंडळींच्या पद्धतीने खालच्या तारांवर चाल वाजवणं, या सगळ्यात तिची लांब आस कामी येते. लेस्टर फ्लॅटच्या नावाने ओळखली जाणारी ती जी-रन, ओळ संपल्यावर खालून वर चढणारी, ती अठ्ठावीसवर जितक्या रुबाबात उतरते तितकी अठरावर उतरत नाही. हे कबूल करायला मला जड जात नाही. शिवाय फ्लॅटच्या काळात गिटार एका मायक्रोफोनपासून हात-दोन हातांवर असे. वादक पुढे येत, मागे सरत, आणि आवाजाचा तोल पायांनी सांभाळला जाई. घुमारा नकोसा झाला की अर्धं पाऊल मागे. आजही काही मंडळी त्या पद्धतीने वाजवतात. तुम्ही त्यांतले असाल तर माझी तक्रार तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही.

शरीरप्रकृतीत महोगनी सरस. ती हलकी असते, हवामान सोसते, तिला तडे कमी जातात. ब्राझिलियन रोझवुड दिसायला देखणं, पण पन्नास-साठ वर्षांच्या गिटारीच्या पाठीला एखादा दुरुस्त केलेला तडा सापडणं नवलाचं नाही. नीट सांधलेला तडा आवाजाला बाधत नाही. फक्त तो आहे हे विकणाऱ्याने सांगितलेलं असावं. दोन्हींत नेकचं दुखणं सारखंच. या काळातल्या मार्टिनमध्ये नेक हवी तशी फिरवून घेता येईल असा रॉड नाही, तो १९८५ मध्ये आला. तारांच्या ताणाने दशकानुदशकं नेक पुढे झुकत जाते, तारा वर येतात, मग सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी, घासून खाली आणतात, आणि घासायला सॅडल उरली नाही की वाफेने सांधा सोडवून नेक पुन्हा बसवावी लागते. तेव्हा दुकानात आधी सॅडल बघा. ब्रिजच्या वर ती पुरेशी दिसत असेल तर हे काम एवढ्यात नाही. दिसत नसेल तर त्या कामाचा खर्च किमतीतून वजा करून बोला.

भारतात ये-जा असणाऱ्यांनी कागदपत्रांचा विचार खरेदीच्या आधी करावा. ब्राझिलियन रोझवुड ११ जून १९९२ पासून सायटीज या, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. स्वतःची, न विकायची गिटार असली तरी ती देशाबाहेर न्यायला परवाना लागतो. वाद्यांसाठी तीन वर्षांपर्यंत चालणारं प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी लाकूड त्या तारखेच्या आधीचं आहे हे दाखवावं लागतं. अठराला यातून पूर्ण सूट आहे असं अनेकांना वाटतं, तसं नाही. तिच्या डोक्यावरची पातळ पट्टी ब्राझिलियन रोझवुडची असते आणि १९४७ च्या सुमारापासून फिंगरबोर्ड आणि ब्रिजही त्याच लाकडाचे आहेत. जुन्या गिटारींत नट (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) आणि सॅडल हस्तिदंताची असू शकते, तो आणखी वेगळा प्रश्न. माझ्यापुरतं मी ठरवून टाकलं आहे की जुनी गिटार इथेच राहील; पुण्याला जाताना नवी, साधी गिटार बरोबर असते. तेव्हा या बाबतीत दोघींना सारखेच गुण.

सत्तरच्या दशकातल्या अठ्ठावीसचा उल्लेख इथेच करून टाकतो, कारण ती बऱ्याच जणांच्या खिशाला झेपते. ती भारतीय रोझवुडची, म्हणजे आपल्या पश्चिम घाटातल्या शिसवीची. २०१७ च्या जानेवारीपासून या लाकडावरही सायटीजची बंधनं आली होती, पण २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून वगळलं गेलं. शिसवीचा आवाज ब्राझिलियनपेक्षा हलका असतो असं मानणारे बरेच आहेत. मला डोळे मिटून तो फरक खात्रीने ओळखता येईल असं वाटत नाही. त्या दशकातल्या गिटारी मात्र जड आहेत. मोठी ब्रिजपट्टी, नेकमधली नळी, जाड पट्ट्या. त्या मजबूत आहेत आणि काही फार सुरेल निघतात. पण जुन्या वाद्याचा जो मोकळेपणा शोधायला आपण निघालो, तो त्यांच्यात कमी सापडतो. त्यांच्यापेक्षा त्याच पैशात साठच्या दशकातली, थोडी झिजलेली, पाटीवर ओरखडे असलेली अठरा मिळाली तर मी क्षणभरही थांबणार नाही.

किमतीचं सगळ्यांना ठाऊक आहे. एकाच सालच्या, सारख्याच प्रकृतीच्या दोन घेतल्या तर अठ्ठावीस ठळकपणे महाग पडते, आणि जितकं मागे जाल तितकं ते अंतर वाढतं. लोक त्याचा अर्थ ती तितकी चांगली असा घेतात. मी एवढंच म्हणेन की त्या किमतीत ब्राझिलियन रोझवुडच्या दुर्मिळतेचा वाटा मोठा आहे, आणि दुर्मिळता जॅममध्ये ऐकू येत नाही. त्याच पैशात अठरा घेतली तर आठ-दहा वर्षं मागची, जास्त चांगल्या प्रकृतीची मिळते. कदाचित १९४६ च्या अलीकडची न घेता पलीकडची, ॲडिरोंडॅकच्या पाटीची मिळू शकते. तो फरक कानाला नक्की कळतो.

तेव्हा तुमचं बहुतेक वाजवणं घरात, एकट्याने किंवा एखाद्या गाणाऱ्याबरोबर असेल, तर अठ्ठावीस घ्या आणि मागे वळून बघू नका. बँजो, मँडोलिन, बास अशी पूर्ण मंडळी जमवून आठवड्याला बसत असाल, तर माझं झुकतं माप अठराला आहे. दोन्ही करत असाल आणि घ्यायची एकच असेल, तरीही मी अठराच म्हणेन. कारण घरी महोगनीवर जे उणं वाटतं ते हाताने भरून काढता येतं, पण जॅममध्ये रोझवुडचं जे जास्त होतं ते हाताने कमी करता करता मनगट थकतं.

घेण्याआधी दुकानात एकटे जाऊ नका. मँडोलिन वाजवणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याला बरोबर न्या. दोन्ही गिटारींवर, एकाच पिकने, मोकळ्या जीमध्ये तुमच्या नेहमीच्या वेगापेक्षा थोडं जलद नुसती साथ वाजवा, सोलो नको. त्याने चॉप मारावा. मग जागा बदला: गिटार कोणाला तरी वाजवायला द्या, तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा आणि त्याचा चॉप कुठल्या गिटारबरोबर जास्त स्पष्ट ऐकू येतो ते बघा. मँडोलिनवाल्यालाही विचारा, कारण गिटार कशी असावी याबद्दल त्याचं मत गिटारवाल्यापेक्षा बहुधा पक्कं असतं. गिटार लांबून मागवणार असाल तर जुन्या वाद्यांची चांगली दुकानं एक-दोन दिवस घरी वाजवून परत करण्याची मुभा देतात. ती मुभा आधी लेखी घ्या आणि त्या दोन दिवसांत एक जॅम येईल असा वार साधून गिटार मागवा.